शिधा देऊन जेवण घातल्याचं पुण्य

मराठी मासिकांचे जुने अंक स्कॅन करून ठेवले असतील आणि त्यांतला मजकूर शोधता यावा असं वाटत असेल, तर त्यासाठी लागणारी साधनं आज फुकट आहेत, खुली आहेत आणि बऱ्यापैकी चांगलीही आहेत. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या प्रोग्रामला मराठी वाचता येतं. त्याच्या जोरावर ओसीआरमायपीडीएफ हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला प्रोग्राम अख्खी पीडीएफ घेतो, पानाचं चित्र तसंच ठेवतो आणि त्याच्यामागे न दिसणाऱ्या अक्षरांचा थर घालतो. अक्षर नीट ओळखलं गेलं असेल तर नव्वद वर्षांपूर्वीच्या अंकातलं एखादं नाव लगेच सापडतं. तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाला याहून उपयोगी वस्तू कोणती?

आता ती वस्तू त्या ग्रंथालयातल्या विंडोजच्या संगणकावर बसवायची कशी, ते पाहा. आधी पायथन उतरवायचं. ते बसवताना खाली एक छोटी चौकट असते, पायथन ‘पाथ’मध्ये, म्हणजे संगणक आज्ञा जिथे शोधतो त्या यादीत, घालू का असं विचारणारी. ती मुळात रिकामी असते, आणि तिच्यावर खूण करायची राहिली तर पुढच्या नेहमीच्या आज्ञा चालत नाहीत. मग टेसरॅक्ट वेगळं उतरवायचं आणि बसवताना भाषांच्या लांबलचक यादीत खाली जाऊन मराठी शोधायची. ते राहिलं तर प्रोग्राम इंग्रजी वाचेल, मराठीला हात लावणार नाही. मग पीडीएफ हाताळणारा घोस्टस्क्रिप्ट नावाचा तिसराच प्रोग्राम. मग आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडून पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) आणून बसवणाऱ्या साधनाची, आज्ञा. एवढं करून जे मिळतं त्याला खिडकी नाही, बटण नाही. दर वेळी फाइलचं नाव टंकून आज्ञा द्यायची.

ज्यांनी हे साधन लिहिलं त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी ते आज्ञा टंकणाऱ्यांसाठीच लिहिलं आणि फुकट दिलं. माझं भांडण आहे ते आपल्याकडच्या प्रकल्पांशी. विद्यापीठांत, संशोधन संस्थांत, सरकारी अनुदानावर मराठीसाठी जी साधनं तयार होतात – शुद्धलेखन तपासणी, भाषांतर, उच्चारातून मजकूर – त्यांचा शेवट बहुधा एका कोडच्या भांडारात होतो. तिथे एक वाचा-मला फाइल, एक लागणाऱ्या पॅकेजांची यादी, आणि ‘इन्स्टॉल कसे करावे’ या मथळ्याखाली चार ओळी. अहवालात लिहिलं जातं: साधन जनतेसाठी उपलब्ध. शिधा हातात ठेवायचा आणि जेवण घातल्याचं पुण्य खात्यावर मांडायचं, असा हा हिशेब आहे.

माझं म्हणणं एवढंच की सार्वजनिक पैशातून झालेलं सॉफ्टवेअर सामान्य संगणकावर डबल क्लिकने बसत नसेल तर ते काम अपुरं समजावं आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता थांबवावा.

हे ऐकून प्रोग्रामर मंडळी दोन प्रकारे अस्वस्थ होतात. एक म्हणजे, हे काम आमचं नाही. दुसरं म्हणजे, पायथनमध्ये ते नीट होतच नाही. दुसऱ्या तक्रारीत थोडं तथ्य आहे, म्हणून आधी ती घेऊ.

सी, गो किंवा रस्ट या भाषांतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून एक फाइल म्हणून देता येतो. पायथन, पर्ल, रूबी यांत लिहिलेला मजकूर हाच प्रोग्राम असतो, आणि तो चालवायला त्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे तो मजकूर वाचून चालवणारा प्रोग्राम, समोरच्याकडे असावा लागतो. शिवाय वापरलेली सगळी पॅकेजेस, त्यांच्या जुळणाऱ्या आवृत्त्या, आणि त्या पॅकेजांच्या पोटातले सीमध्ये लिहिलेले भाग. लिहिणाऱ्याच्या संगणकावर हे सारं आधीच जमलेलं असतं, त्यामुळे त्याला ते दिसतच नाही. त्याच्याकडे चालतं. पायथनच्या जगालाही ही दुखरी नस माहीत आहे. २०१९ मध्ये क्लीव्हलंडला भरलेल्या पायकॉन या पायथनवाल्यांच्या परिषदेत, पायथनचे प्रोग्राम बांधून देण्याची साधनं करणाऱ्या बीवेअर प्रकल्पाचे रसेल कीथ-मगी यांनी बीजभाषणात हाच प्रश्न ठेवला होता: मी लिहिलेला कोड दुसऱ्याला वापरायला द्यायचा कसा? भाषा १९९१ मध्ये जगापुढे आली, आणि अठ्ठावीस वर्षांनंतरही हा प्रश्न व्यासपीठावरून विचारावा लागत होता.

तरीही ‘होतच नाही’ हे खोटं आहे. कॅलिबर पाहा. ई-पुस्तकं सांभाळणारा हा प्रोग्राम कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केला, आणि त्याचा मोठा भाग पायथनमध्ये आहे. विंडोजवर तो एका इन्स्टॉलरमधून येतो. पायथन, खिडक्या-बटणं काढणारं क्यूटी आणि बाकीचा लवाजमा त्याच्या पोटात असतो. वापरणाऱ्याला पायथन हा शब्दही माहीत असावा लागत नाही. लिनक्सवर तर गोयल यांची भूमिका आणखी ताठ आहे: डिस्ट्रिब्युशनने (लिनक्सची तयार जुळणी देणाऱ्यांनी) दिलेलं कॅलिबर बरेचदा जुनं किंवा बिघडलेलं असतं, ते घेऊ नका, आम्ही बांधलेलं घ्या, असं ते उघड सांगतात. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिबर ५ पायथन ३ वर गेलं. काही जुने प्लगइन चालेनासे झाले, त्यावरून कुरकुर झाली. पण साधा वाचक नेहमीसारखा नवा इन्स्टॉलर चालवून मोकळा झाला. ज्या स्थित्यंतराने जगभरच्या प्रोग्रामरांना वर्षानुवर्षं छळलं, ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही.

ड्रॉपबॉक्सचा डेस्कटॉप प्रोग्रामही पायथनमधलाच. भाषेचा जनक ग्वीडो व्हान रॉसम २०१३ ते २०१९ या काळात त्याच कंपनीत होता. त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम ब्लेंडर आपलं पायथन सोबत घेऊन येतो. विंडोजवरचं लिबरऑफिसही. जावास्क्रिप्टवाल्यांनी तर हा प्रश्न धटिंगणपणे सोडवला: इलेक्ट्रॉन वापरायचं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामसोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर द्यायचा. डिस्क भरते, मेमरी खाते, जाणकार नाकं मुरडतात, पण बसवायला अडचण येत नाही आणि लोक वापरतात.

वेबसाइटींसाठीच्या पीएचपी या भाषेचं उदाहरण मला यापेक्षाही बोलकं वाटतं. भाषा म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांची कधी वाण नव्हती. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर फाइली चढवल्या की साइट चालू, एवढं एक सुख तिने दिलं, आणि त्या सुखाच्या बळावर साइट बनवायचं वर्डप्रेस घरोघरी पोचलं. देखण्या भाषा बघत राहिल्या.

मराठीच्या बाबतीत या प्रश्नाला एक जास्तीचा काटा आहे. विंडोजवर पायथनने फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याची पद्धत, सांगितलं नाही, तर ते संगणकाच्या जुन्या कोडपेजवर, म्हणजे मोजक्या अक्षरांच्या तक्त्यावर, जातं. इंग्रजीत बसवलेल्या आपल्याकडच्या विंडोजवर ते सहसा १२५२ क्रमांकाचं, म्हणजे पश्चिम युरोपीय लिपीचं असतं. त्यात देवनागरी नाही. लिनक्स आणि मॅकवर सगळ्या लिपी सामावणारं यूटीएफ-८ असतं, म्हणून तिथे लिहिलेला आणि तपासलेला मराठीचा प्रोग्राम विंडोजवर आला की मराठीचं पहिलंच अक्षर लिहिताना कोसळतो, नाहीतर वाचताना अक्षरांच्या जागी टोप्या घातलेल्या लॅटिन चिन्हांचा सडा पाडतो. इंग्रजी मजकुरावर हा दोष कधी दिसतच नाही. पायथनने हे बदलायचं ठरवलं आहे, ३.१५ या आवृत्तीपासून सगळीकडे यूटीएफ-८ हीच मूळ निवड असेल. तोवर प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग लिहिणं किंवा यूटीएफ-८ची सक्ती करणं हाच इलाज, आणि तो पॅकेज बांधणाऱ्याने करायचा असतो. वापरणाऱ्याला त्या त्रुटीच्या संदेशातला ‘चारमॅप’ हा शब्द काय सांगणार? तीच गत फोल्डरच्या नावांची. वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असेल तर त्याच्या घरच्या फोल्डरचा पत्ताही देवनागरीत होऊ शकतो, आणि अशा पत्त्याला अडखळणारी पॅकेजेस आजही भेटतात. मराठीसाठी केलेलं साधन मराठी नावाच्या फोल्डरात चालू नये, याला काय म्हणावं!

आता पहिली तक्रार: हे काम आमचं नाही. हिची एक प्रतिष्ठित आवृत्ती लिनक्सच्या जगातून येते, आणि ती मी गंभीरपणे घेतो. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक प्रोग्रामने आपापला इंटरप्रिटर आणि लायब्ररी पोटात घेऊन फिरणं धोक्याचं आहे. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं भोक उघड झालं, तेव्हा डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनवर ती एक लायब्ररी बदलली आणि सेवा पुन्हा सुरू केल्या की सामायिक प्रत वापरणारे सगळे प्रोग्राम सुधारले. ज्यांनी आपली प्रत आत शिवून टाकली होती त्यांना प्रत्येकाला नव्याने बांधून वाटावं लागलं. म्हणून बांधणीचं काम डिस्ट्रिब्युशनच्या लोकांवर सोडा, असा युक्तिवाद.

सर्व्हरपुरता तो मला पटतो. कोहा हे त्याचं चांगलं उदाहरण. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये चालू झालेली ही ग्रंथालय प्रणाली पर्लमध्ये आहे. आपल्याकडच्याही अनेक ग्रंथालयांत ती वापरतात. तिला लागणारी पर्लची मॉड्यूलं एकेक करून जमवणं हा शिक्षेचा प्रकार होता. डेबियनची पॅकेजेस आल्यावर तेच काम थोडक्या आज्ञांचं झालं, आणि ग्रंथपालाला तर फक्त ब्राउझर लागतो. पण इथे सर्व्हर सांभाळणारा एक माणूस गृहीत आहे. शाळेतल्या बाईंच्या, पंचायतीतल्या कारकुनाच्या, निवृत्त संशोधकाच्या टेबलावर तो माणूस नाही आणि डेबियनही नाही.

शिवाय डेबियनने स्वतःच्या अंगणातही हा प्रश्न पुरता सोडवलेला नाही. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून पिपने सरळ इन्स्टॉल करायला गेलं की नकार मिळतो: हे पायथन प्रणालीच्या ताब्यात आहे, वेगळं आभासी वातावरण करा. निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे, कारण पिपने प्रणालीची पॅकेजेस बिघडवल्याचे किस्से कमी नाहीत. पण त्या दिवसापासून कित्येक प्रकल्पांच्या वाचा-मला फाइलीतली ती एकुलती एक ओळ चुकीची ठरली. नकाराला बगल देण्याचा पर्यायही आहे. त्याचं नावच ‘प्रणालीची पॅकेजेस मोडा’ अशा अर्थाचं ठेवलं आहे. लोक तो डोळे मिटून वापरतात.

आणि सुरक्षेचाच मुद्दा असेल तर ‘ताजं ते पिपने घ्या’ हा सल्लाही कुठे निर्धोक आहे? डिसेंबर २०२४ मध्ये अल्ट्रालिटिक्स या लोकप्रिय पॅकेजच्या पायपीआयवरच्या, म्हणजे पिप जिथून माल आणतो त्या भांडारातल्या, आवृत्त्यांत क्रिप्टो-नाणी खणणारा कोड घुसवला गेला होता. त्या काळात ज्याने निरागसपणे आज्ञा दिली, त्याने तो घरात घेतला. तपासून, आवृत्त्या गोठवून बांधलेला इन्स्टॉलर अशा वेळी जास्त भरवशाचा असतो, अट एकच की बांधणारा नंतरही जागेवर असला पाहिजे. त्या अटीकडे मी शेवटी येतो.

दुसरा हमखास सल्ला: वेबसाइट करून टाका, इन्स्टॉलची भानगडच नको. पुष्कळ साधनांना तो योग्यही आहे. पण वकिलाच्या कागदांचं, रुग्णाच्या नोंदींचं, घरातल्या जुन्या पत्रांचं वाचन कोणाच्या तरी सर्व्हरवर चढवून करावं का? आणि सर्व्हरला महिन्याचं बिल असतं. अनुदान संपलं की साइट बंद पडते आणि तिच्यासोबत साधनही जातं. उतरवून घेतलेला इन्स्टॉलर निदान त्या विंडोजवर चालत राहतो, इंटरनेट नसलं तरी, पेनड्राइव्हवरून शेजारच्या गावी नेला तरी. केंद्राच्या भाषा-तंत्रज्ञानाच्या टीडीआयएल कार्यक्रमातून २००५ पासून भारतीय भाषांसाठी फॉन्ट, कीबोर्ड आणि ऑफिस भरलेल्या मोफत सीडी वाटल्या गेल्या. त्यांतल्या मालाबद्दल कुरबुरी होत्या, पण सीडी घालून बसवायची हे कोणालाही कळत होतं. वीस वर्षांनी साधनं कितीतरी हुशार झाली, आणि त्यांची पावती म्हणून लोकांना मिळतो एक दुवा आणि चार आज्ञा.

प्रोग्रामरांची खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि तिच्यावर फारसं बोललं जात नाही. पायइन्स्टॉलरसारख्या साधनाने पायथनचा प्रोग्राम एका फाइलमध्ये बांधता येतो. ती चालवली की आतला माल तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो आणि प्रोग्राम सुरू होतो. व्हायरस लिहिणारेही हेच साधन वापरतात, त्यामुळे अँटीव्हायरस अशा निरुपद्रवी फाइलींनाही पकडतात. त्यातून सुटलं तर विंडोजची निळी पाटी येते: आम्ही तुमच्या संगणकाचं रक्षण केलं. पुढे जायचा मार्ग ‘अधिक माहिती’ या बारीक दुव्यामागे लपवलेला. ही पाटी टाळायची तर फाइलवर कोड-साइनिंगची, म्हणजे ती कोणी बांधली हे सांगणारी डिजिटल, सही हवी, आणि ती असूनही नव्या फाइलीची ओळख जमायला वेळ लागतो. जून २०२३ पासून त्या सहीची किल्ली साध्या फाइलीत ठेवता येत नाही, हार्डवेअर टोकनवर (पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणावर) किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेत ठेवावी लागते. ॲपलला वर्षाला ९९ डॉलर आणि प्रत्येक आवृत्तीची नोटरायझेशनची, म्हणजे ॲपलकडून तपासून घेण्याची, फेरी. २०२४ च्या मॅकओएस सिक्वोयापासून कंट्रोल-क्लिक करून सही नसलेला प्रोग्राम उघडायची जुनी पळवाटही बंद झाली.

रात्री जागून मराठीसाठी काही करणाऱ्या एकट्या प्रोग्रामरने हे सगळं पदरमोड करून करावं असं मी म्हणणार नाही. खुल्या प्रकल्पांना फुकट सही देणारं साइनपाथ फाउंडेशन आहे, तिथे तरी विचारून पाहावं, एवढंच. पण संस्थेला ही सबब नाही. उलट हे काम संस्थेनेच करण्यासारखं आहे, कारण सही म्हणजे जबाबदारी घेणं, आणि जबाबदारी घ्यायला नाव आणि पत्ता असलेला कोणीतरी हवा.

अशी एक संस्था आहे, आणि तिचा माल आपल्याकडे कितीतरी लोक वापरतात. विंडोजवर टेसरॅक्ट बसवताना जो इन्स्टॉलर उतरवला जातो तो बहुतेकदा जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने बांधलेला असतो. त्यांना जुनी जर्मन वर्तमानपत्रं वाचून घ्यायची होती, त्यासाठी त्यांनी विंडोजची बांधणी केली आणि सगळ्यांना उघडी ठेवली. भाषांच्या त्या यादीत मराठी आहे. म्हणजे मराठी मजकूर वाचणारं यंत्र विंडोजवर आणून द्यायचं काम एका जर्मन ग्रंथालयाच्या अंगावर आहे, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या कामाच्या ओघात. महाराष्ट्रात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून पुण्यात आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे, डझनावारी विद्यापीठं आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानिमित्ताने परिसंवाद होतील, ग्रंथ निघतील, व्हायलाच हवेत. त्यांतल्या एका परिसंवादाच्या खर्चात टेसरॅक्ट, त्याची मराठी आणि ओसीआरमायपीडीएफ यांना एक खिडकी, एक बटण आणि एक सही असलेला इन्स्टॉलर करता येईल असा माझा अंदाज आहे. परवाने पाळून, अर्थात.

भारत सरकारने २०१५ मध्ये खुलं सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण आणलं, आणि त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनांचा सोर्स कोड खुला करण्याचंही. दोन्ही चांगली आहेत. पण कोड खुला असल्याचा फायदा ज्याला कोड वाचता येतो त्याला. बाकीच्यांसाठी अनुदानाच्या करारात एक परिशिष्ट जोडावं लागेल. नव्याने बसवलेलं विंडोज, वापरकर्त्याचं नाव देवनागरीत, इंटरनेट काढून टाकलेलं, आणि समोर प्रकल्पाशी संबंध नसलेली व्यक्ती. तिने कोणाला फोन न करता साधन बसवून एक मराठी फाइल त्यातून काढली की परीक्षा पास. जुन्या यंत्रांचंही लिहून ठेवावं. पायथन ३.९ पासून विंडोज ७ वर चालत नाही, तेव्हा कोणत्या विंडोजपर्यंत साथ देणार हे आधी सांगितलेलं बरं. मॉडेल (साधन जे शिकलं त्याची फाइल) काही जीबींचं असेल तर ते इन्स्टॉलरसोबतच द्यावं. पहिल्यांदा उघडल्यावर गुपचूप उतरवायला लागणारा प्रोग्राम ग्रामीण जोडणीवर अर्ध्यात लटकतो.

राहिला प्रश्न नंतरचा. संशोधनाच्या जगात शोधनिबंधाला किंमत आहे, इन्स्टॉलरला नाही. तो बांधणाऱ्या विद्यार्थ्याच्या बायोडेटात त्याची ओळ जेमतेम बसते. म्हणून या कामासाठी वेगळं पद आणि वेगळा पैसा हवा, निदान प्रकल्प संपल्यावर तीन वर्षांपुरता, म्हणजे ओपनएसएसएलमध्ये भोक सापडलं की कोणीतरी पुन्हा बांधून, सही करून वाटेल. आणि सहीचं टोकन विद्यार्थ्याच्या नावावर घेऊ नये. तो दोन वर्षांत पुण्याहून बंगळुरूला जातो. ते संस्थेच्या नावावर असावं, संस्थेच्या कपाटात असावं, आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख लेखा विभागाच्या वहीत लिहिलेली असावी.